रा॥ साखर… : जुन्या जन्मनोंदीतला पत्ता लावताना

कोकणातल्या जुन्या जन्मनोंदी बहुतेक करून गाव नमुना नंबर १४ मध्ये सापडतात. बोलीभाषेत त्याला कोतवाल बुक म्हणतात. जन्म आणि मृत्यू एकाच वहीत, वह्या रुमालात बांधलेल्या, आणि रुमाल तहसीलच्या अभिलेख कक्षात. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा हे रुमाल मोठ्या प्रमाणावर सुटले आणि बरीच पानं स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली. घराण्याचा इतिहास लावणाऱ्यांना त्याचा आयताच फायदा झाला. पण पान समोर आलं की अडतं ते एकाच जागी. बापाचं नाव लागतं, जात लागते, तारीखही लागते, पत्ता मात्र लागत नाही.

आणि नेमका तोच सगळ्यात जास्त हवा असतो. जुन्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतंच. बापाचं नाव आणि पुढे ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, एवढ्यावर नोंद संपते. बारसं व्हायच्या आत खबर गेलेली, नंतर नाव भरायला कोण जातो? आता एका गावात एकाच नावाचे, एकाच जातीचे दोन-तीन बाप असणं कोकणात अगदी नेहमीचं. त्यांना वेगळं करणारी गोष्ट म्हणजे ‘रा॥’ (राहणार) पुढची ती दीड-दोन इंची ओळ. ती चुकली तर सबंध फांदी दुसऱ्याच्या झाडाला लागते.

आम्ही ज्या क्रमाने हे काम करतो तो क्रम इथे मांडतो. अक्षर ओळखण्याची पाळी त्यात बऱ्याच उशिरा येते.

सुरुवात फोटोपासून. एका नोंदीचे तीन फोटो घ्यायचे. पहिला, रकान्यांच्या मथळ्यांसकट पूर्ण पान. दुसरा, आपली नोंद आणि तिच्या वरच्या-खालच्या दोन-दोन नोंदी. तिसरा, फक्त पत्त्याचा शब्द. त्याआधी वहीचं पुठ्ठ्याचं कव्हर आणि पहिलं पान घ्यायचंच. हे सांगायचं कारण असं की गावाचं नाव पुष्कळदा फक्त तिथेच असतं. वही गावाची, तेव्हा आत प्रत्येक ओळीत गाव कशाला लिहायचं, म्हणून लिहिणारा नुसतं ‘वरचीवाडी’ लिहून मोकळा होतो. पन्नास पानं टिपून आणली आणि कव्हर राहिलं, तर हातात पन्नास वरच्यावाड्या उरतात. त्यातही एका वहीत दोन-तीन गावं असली तर पानाच्या मध्येच ‘मौजे’ करून नवा मथळा येतो आणि तिथून गाव बदलतं. स्कॅन पाहताना म्हणून आपल्या पानापासून उलटं मागे जायचं, शेवटचा ‘मौजे’ सापडेपर्यंत.

उजेड खिडकीचा, एका बाजूने तिरका. फ्लॅश नको. बोरूने किंवा टाकाने लिहिताना कागदावर बारीक चर पडलेला असतो. शाई उडालेली असली तरी तिरक्या उजेडात तो दिसतो. समोरून उजेड टाकला की चर भरून निघतो आणि कागद नुसता पांढरा दिसतो.

शाई कुठली आहे ते आधी ठरवावं, कारण पुढचे उपाय त्यावर अवलंबून. काजळीची शाई शंभर वर्षांनीही काळीच राहते, पण पाणी लागलं की फुटते. लोहाची निळी-काळी शाई पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाही, मात्र वर्षं गेली की तपकिरी होते आणि कुठेकुठे कागद खाते. आपल्याकडचा पावसाळा दोघींचा वैरी. तपकिरी पडलेली शाई असेल तर फोटो संपादनाच्या कुठल्याही साध्या ॲपमध्ये फक्त निळा चॅनेल ठेवून चित्र करडं करावं. तपकिरी रेषा गडद होऊन वर येतात. उलट, काळी शाई आणि तिच्यावर ओलीचा पिवळा-तपकिरी डाग असेल तर लाल चॅनेल ठेवावा. डाग फिका पडतो, अक्षर राहतं. दोन्ही करून पाहायला दोन मिनिटं लागतात. कॉन्ट्रास्ट मात्र आंधळेपणाने वाढवू नये, कसरीने पाडलेली भोकं अनुस्वारासारखी दिसू लागतात. मूळ कागदावर पाणी, लिंबू, पावडर असलं काहीही लावायचं नाही. वहीजवळ बसताना हातात पेन नको, पेन्सिल चालेल.

आता लिपी. वही बाळबोध (म्हणजे देवनागरी) आहे की मोडी, आणि मोडी असली तर संपूर्ण की मिसळीची? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या वह्यांत छापील मथळे बाळबोध आणि हाताने भरलेला मजकूर मोडी, असं सर्रास सापडतं. मोडीत लिहिणारा आधी आडवी शिरोरेघ ओढून घेतो आणि मग तिला अक्षरं लटकवत जातो. त्यामुळे शब्द तुटत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि अनुस्वार बहुधा गाळलेला. म्हणून ‘कोड’ दिसलं तर कोंड, ‘बदर’ म्हणजे बंदर, ‘नादगाव’ म्हणजे नांदगाव आणि ‘आबवली’ म्हणजे आंबवली हे मनात धरूनच वाचायला बसायचं. अनुस्वार दिसत नाही म्हणून पर्याय बाद करणारे नवखे वाचक इथेच फसतात.

शब्द तुटत नसले तरी सांधे असतात. ते म्हणजे संक्षेप आणि त्यांच्यापुढचे दोन दंड. रा॥ म्हणजे राहणार, मौ॥ मौजे, त॥ तर्फ, ता॥ बहुतेक वेळा तालुका, बु॥ बुद्रुक, खु॥ खुर्द, ह॥ मु॥ हल्ली मुक्काम. या दंडांवर आधी पेन्सिलने (अर्थात प्रिंटवर) खुणा केल्या की लांबलचक ओळीचे तीन-चार तुकडे पडतात आणि कुठला तुकडा गाव, कुठला तालुका हे अक्षर न वाचताही कळतं. एकाच संक्षेपाचे दोन अर्थ होऊ शकतात हे लक्षात ठेवावं. मु॥ पत्त्यात आला तर मुक्काम, आणि लिंगाच्या रकान्यात आला तर मुलगा किंवा मुलगी. मग त्यापैकी कुठला हे शेजारच्या नोंदींवरून ठरवायचं.

आणि आता खरं काम, अक्षरतक्ता. पत्त्याचा शब्द बाजूला ठेवून त्याच पानावरचे असे शब्द वेचायचे, जे काय आहेत ते न वाचताही माहीत असतं. ‘मुलगा’, ‘मुलगी’ दर ओळीत येतात. त्यांतून म, ल, ग, उकार, काना, वेलांटी मिळतात. धंद्याच्या रकान्यातून ‘शेती’ आणि ‘मजुरी’: श, त, मात्रा, ज, र. जातीच्या रकान्यातून कुणबी, भंडारी, मराठा, तेली, गुरव, महार यांतली पाच-सहा नावं: क, ण, ब, भ, ड, ठ, व, ह. महिन्यांची नावं वर्षभरात फिरून येतात: जानेवारी, फेब्रुवारी, आगष्ट, सपटंबर (हो, असंच लिहिलेलं असतं), त्यांतून न, फ, प, ष, ट. वीस-पंचवीस नोंदी त्याच हातच्या असल्या तर तीसेक अक्षरांचा तक्ता उभा राहतो. प्रत्येक अक्षराचे निदान तीन नमुने कापून चिकटवायचे, कारण घाईतला आणि सावकाश लिहिलेला ‘व’ एकच नसतो. मोडीतला र तर मागच्या अक्षराला धरून आपलं रूपच बदलतो, त्याला तीन नमुने पुरत नाहीत.

तक्ता एका हातापुरताच चालतो. हात बदलला, म्हणजे नवा पाटील आला किंवा कारकून बदलला, की तक्ता नवा. हात बदलल्याचं शिरोरेघेच्या तिरकेपणावरून आणि आकड्यांवरून चटकन ओळखू येतं. इंटरनेटवरचे छापील मोडी तक्ते लिपी शिकायला चांगले, पण कोतवाल बुकातलं अक्षर त्यांच्याशी जुळवत बसलात तर दिवस जाईल.

बाळबोध अक्षर सोपं वाटतं, पण तिथल्या जोड्या ठरलेल्या आहेत. व आणि ब, पोटातली रेघ उडाली की संपलं. घ-ध आणि म-भ यांचा फरक डोक्यावरच्या गाठीत किंवा उघडेपणात असतो, आणि नेमकी तिथेच शिरोरेघेची शाई पसरते. प-य-ष. ख तुटक लिहिला की ‘रव’. ड, ह आणि इ खालच्या शेपटीवर ठरतात. आकड्यांत १ आणि ९, तसेच ३ आणि ६. पत्त्यात घर नंबर क्वचितच असतो, पण तारीख चुकली तर चुकीच्या वहीत शोधत बसाल. तारखेपुरतं एवढं पुरे: शक दिला असेल तर चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंत ७९.

आता एक पट्टी जवळून पाहू. नोंदीत ‘रा॥ साखर’ एवढं स्वच्छ लागतं, पुढे ओल लागून पसरलेलं आहे. रत्नागिरी जिल्ह्यात साखर-ने सुरू होणारी गावं थोडीथोडकी नाहीत. साखरपा संगमेश्वरात, साखरतर रत्नागिरी तालुक्यात खाडीकाठी, साखरी आगर गुहागरात आणि साखरी नाटे राजापुरात. आपल्या घराण्याचा साखरप्याशी संबंध असला तर डोळ्यांना ‘पा’ दिसणारच. म्हणून आधी अक्षर न पाहता जागा मोजायची. त्याच ओळीतल्या ‘साखर’ची रुंदी घेऊन पुढच्या डागाची रुंदी तिच्याशी ताडायची. डाग ‘साखर’च्या तिसऱ्या हिश्श्याएवढा असेल तर एकच अक्षर, काना धरून: साखरपा. दोन अक्षरांचा असेल तर साखरतर. ‘साखर’इतकाच किंवा त्याहून मोठा असेल तर साखरी आगर किंवा साखरी नाटे. मग शिरोरेघेच्या वर काय आहे ते पाहायचं. साखरीत र-ची वेलांटी वर जाते आणि डाग बहुधा शिरोरेघेच्या वर पोचलेला नसतो, म्हणजे वेलांटीचा वरचा बाक हाती लागण्याची आशा असते. नाटे असेल तर शेवटी मात्रा हवी. आगरमध्ये वर काहीच नाही.

यानंतर ओळीचा शेवट. ता॥ नंतर तालुका वाचता आला तर प्रश्नच मिटला, पण तिथे ‘पेटा’ असा शब्द आला तर तो काहींना वाडीचं नाव वाटतो. पेटा म्हणजे तालुक्याच्या हाताखालचा भाग. गुहागर हा चिपळूणचा पेटा होता, मंडणगड दापोलीचा. म्हणजे आज ज्याला गुहागर तालुका म्हणतो त्या गावाच्या जुन्या नोंदीत चिपळूण आलं तर ते चूक नाही. ‘साखर… ता॥ चिपळूण’ असं दिसलं की आजच्या चिपळुणात साखर-ची गावं शोधत बसण्याऐवजी साखरी आगरकडे वळायला हवं.

तालुका-जिल्ह्यांच्या या उलथापालथी पाठ नसल्या तरी जवळ लिहून ठेवाव्यात. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ चा. त्याआधी मालवण, देवगड, वेंगुर्ला सगळं रत्नागिरीत. रायगडाचं नाव १९८१ पर्यंत कुलाबा. सावंतवाडी आणि कुडाळ १९४८ पर्यंत सावंतवाडी संस्थानात, तर मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा जंजिरा संस्थानात. त्यामुळे मुंबईच्या जुन्या नोंदीत मूळ गाव म्हणून नुसतं ‘रत्नागिरी’ असेल तर तो अख्खा जिल्हा, मंडणगडापासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही. रत्नागिरी शहर असा अर्थ घेतलात तर शोध तिथेच संपतो. आणि दक्षिणेकडे नुसतं ‘वाडी’ लिहिलेलं असेल तर जरा थांबा. तिकडची माणसं सावंतवाडीला नुसतं वाडीच म्हणतात.

खऱ्या वाड्या हा वेगळाच विषय. देऊळवाडी, मधलीवाडी, खालचीवाडी, गावडेवाडी, भंडारवाडी, तेलीवाडी ही नावं गावोगाव आहेत, त्यावरून गाव ठरत नाही. पण गाव ठरलेलं असलं की वाडी घर ठरवते. डोंगराकडे वाडीऐवजी कोंड येतो, दापोली-गुहागरकडे पाखाडी आणि आळी, खाडीकाठच्या मुसलमान वस्तीत मोहल्ला. काही वाड्यांची नावं आता बदललेली आहेत, जातीवरून पडलेली तर विशेष, त्यामुळे आजच्या फलकावर ती मिळायची नाहीत. गावातल्या सत्तरी ओलांडलेल्या दोन माणसांना विचारणं हा त्यावर सगळ्यात स्वस्त उपाय. विचारताना मात्र ‘इथे अमुक वाडी होती का?’ असं विचारू नये. पाहुण्याचा मान राखायला ‘होती होती’ म्हणतात. ‘पूर्वी वाड्यांची नावं काय काय होती?’ असं विचारून यादी घ्यावी आणि आपला शब्द त्यात येतो का ते गप्प राहून पाहावं.

पत्ता नीट लागूनही चुकतो, त्याचं सगळ्यात मोठं कारण बाळंतपण. पहिलं बाळंतपण माहेरी. नोंद होते आजोळच्या गावात, खबर देणारा पुष्कळदा आईचा बाप किंवा भाऊ, आणि बाप असतो मुंबईला गिरणीत. अशा नोंदीत तीन पत्ते गुंतलेले असतात: मूल जन्मलं ते घर, बापाचं गाव आणि बापाचा हल्ली मुक्काम. रकाना एकच. लिहिणाऱ्याने त्यातला कुठला लिहिला हे त्याच्या सवयीवर, म्हणून त्याच पानावर ‘ह॥ मु॥ मुंबई’ असलेल्या बाकीच्या नोंदी पाहायच्या. तिथे तो आधी गाव लिहून मग हल्ली मुक्काम लिहीत असेल तर आपल्या नोंदीतलं गाव बापाचं. नुसतीच वाडी लिहीत असेल तर ते बहुतेक आजोळ. आईचं नाव नसतं, तेव्हा हा एकच धागा आजोळापर्यंत नेतो. तो चूक म्हणून टाकून देऊ नये.

मुंबईत जन्मलेल्या मुलांच्या नोंदी बहुधा इंग्रजी हातात, आणि गावांची नावं कारकुनाच्या कानाला जशी लागली तशी. ती मोठ्याने वाचावीत, डोळ्यांनी नाही. रस्ते जुन्या नावांनी येतात: डिलाईल रोड म्हणजे आताचा ना. म. जोशी मार्ग, आर्थर रोड म्हणजे साने गुरुजी मार्ग, फर्ग्युसन रोड म्हणजे पांडुरंग बुधकर मार्ग. चाळीचा आणि खोलीचा नंबर असेल तर तो जपून ठेवा. चाकरमान्यांत गावाची म्हणून खोली असायची, एका खोलीत एकाच गावची पंधरा-वीस माणसं. त्याच खोलीच्या पत्त्यावर दुसऱ्या आडनावांच्या नोंदी सापडल्या आणि त्यांत गाव स्वच्छ लिहिलेलं असलं, तर आपल्या धूसर गावाचा उलगडा तिथे होतो.

ताळा कशाशी घ्यायचा? गावांच्या नावांसाठी १९५१ आणि १९६१ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तकं, त्यांत तालुकावार यादी असते. जुन्या रचनेसाठी १८८० चं रत्नागिरी-सावंतवाडीचं गॅझेटिअर. घरासाठी त्याच गावचा फेरफार आणि आठ-अ (जमिनीच्या हक्काच्या नोंदी). शाळेचं जनरल रजिस्टर जन्मगावासाठी उपयोगी, जन्मतारखेसाठी नाही. अर्धा वर्ग १ जूनला जन्मलेला असतो.

वाचन लिहून ठेवताना तीन ओळी वेगळ्या ठेवतो. पहिलीत जे दिसतं तेच, अक्षरशः: ‘रा॥ साखर[...] पेटा गु[ह]ागर’. चौकटी कंसात शंका, आणि जितकी अक्षरं गेली तितके टिंब. दुसरीत संक्षेप सोडवून वाचन. तिसरीत आजचं गाव, तालुका, जिल्हा. या तीन ओळी एकात मिसळल्या की सहा महिन्यांनी आपल्यालाच कळत नाही की ‘साखरी आगर’ कागदावर होतं की आपल्या डोक्यात. फोटोच्या फाईलला तालुका, मौजे, साल, पान आणि नोंद क्रमांक याच क्रमाने नाव द्यावं.

नक्कल मागताना टंकलिखित उतारा घेण्यापेक्षा मूळ पानाची प्रमाणित छायाप्रत मागावी. उताऱ्यात कारकुनाचं वाचन येतं, आणि एकदा शिक्का बसला की चुकीचं गावही पक्कं होतं. माहितीच्या अधिकारातून मागितल्यास अर्जाला १० रुपये आणि पानाला २ रुपये. अर्जात साल, मौजे आणि नोंद क्रमांक द्या, नाहीतर ‘अभिलेख आढळून येत नाही’ असं पत्र ठरलेलं.

इतकं करून डाग तसाच राहिला तर दुसऱ्या वाचकाकडे द्यायचं, मात्र घराणं, आडनाव, अपेक्षित गाव काहीही न सांगता, फक्त पट्टी आणि अक्षरतक्ता. त्याने वेगळं वाचलं तर दोन्ही वाचनं लिहून ठेवायची. आणि मग त्याच वह्यांत पुढे-मागे सहा-सात वर्षं जायचं. भावंडं दोन-तीन वर्षांच्या अंतराने असतात, बाप तोच, रकाना तोच, पण तोवर हात बदललेला असू शकतो. एकाने घाईत ‘साखर’ पुढे जे गुंडाळलं ते धाकट्या बहिणीच्या नोंदीत दुसऱ्याने सुटं, टपोरं लिहिलेलं असतं, कधी वाडीसकट.